डिस्कविना लिनक्स: कर्नल पोहोचतो, पण रूट फाइल सिस्टीम का सापडत नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या संगणक कक्षातील २४ जुन्या संगणकांच्या हार्डडिस्क एकामागून एक निकामी होत आहेत, म्हणून नव्या डिस्क घेण्याऐवजी सर्व संगणक एकाच सर्व्हरवरून, नेटवर्कमधून सुरू करायचे ठरले. सर्व्हरवर डेबियन १२ आहे. डीएनएसमास्क (नेटवर्कचे पत्ते आणि बूटच्या फाइली देणारा प्रोग्राम) आणि एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी सेवा) बसवून झाले आहे. संगणक पीएक्सईवरून, म्हणजे फर्मवेअरमधील नेटवर्क-बूटच्या सोयीने, सुरू होतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उतरतो, पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि शेवटी 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,२५५)' असा, म्हणजे रूट (सिस्टीमच्या सर्व फाइलींचे मूळ फोल्डर) जोडता येत नाही असा, संदेश देऊन सारे ठप्प होते. प्रश्नकर्त्यांनी एनएफएसच्या एक्सपोर्टची (कोणता फोल्डर कोणाला द्यायचा ते सांगणारी) ओळ पुन्हा पुन्हा तपासली, फायरवॉलही बंद करून पाहिली, तरी फरक पडला नाही.

माझे पहिले सांगणे असे की, एनएफएस सर्व्हरकडे पाहणे तूर्त थांबवा. या संदेशातला कंस फार बोलका आहे. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये, म्हणजे त्याला सुरू होताना मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत, रूट म्हणून 'डेव्ह' फोल्डरमधले 'एनएफएस' हे नाव दिले की कर्नल त्याला अंतर्गत ०,२५५ हा क्रमांक देतो. म्हणजे तुमची कमांड लाइन कर्नलपर्यंत नीट पोहोचली आहे आणि रूट नेटवर्कवर आहे हे त्याला कळले आहे. कंसात (०,०) असते, तर मात्र रूट कोठे आहे हेच त्याला समजलेले नाही, असा अर्थ झाला असता. आता डेबियनच्या तयार कर्नलमध्ये एनएफएस हे वेगळे मॉड्यूल असते, कर्नलच्या पोटात नसते. त्यामुळे तो स्वतःच्या बळावर नेटवर्कवरचे रूट जोडूच शकत नाही. ते काम इनिटरॅमएफएसचे, म्हणजे कर्नलसोबत उतरणाऱ्या त्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टीमचे आहे. तिच्यातील स्क्रिप्ट चालली असती आणि रूट जोडण्यात अपयशी ठरली असती, तर तुम्हाला कर्नल पॅनिक दिसला नसता. कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेला एक साधा प्रॉम्प्ट मिळाला असता. तो मिळाला नाही, याचा अर्थ स्क्रिप्ट चाललीच नाही. तुमची इनिटआरडी फाइल, म्हणजे इनिटरॅमएफएस जिच्यात असते ती फाइल, कर्नलच्या हाती पडलेली नाही आणि एनएफएस सर्व्हरच्या दारापर्यंत अजून कोणी गेलेलेच नाही. (तुम्ही कर्नल स्वतः बांधला असेल आणि त्यात एनएफएस रूटची सोय आत घातली असेल, तर हे निदान बदलेल, पण प्रश्नावरून तसे दिसत नाही.)

ती फाइल का पोहोचत नसावी, याची कारणे मोजकी आहेत. पीएक्सलिनक्स हा बूटलोडर (कर्नल उतरवून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'अपेंड' या शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी आहेत का ते पाहा. एकीत इनिटआरडीचे नाव आणि दुसरीत एनएफएसचा पत्ता असे लिहिण्याचा मोह होतो, कारण ते वाचायला सुटसुटीत दिसते. परंतु दुसरी ओळ पहिलीला जोडली जात नाही, तिची जागा घेते. सर्व मजकूर एकाच ओळीत हवा. आयपीएक्सई हा दुसरा बूटलोडर वापरत असाल आणि संगणक यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले नवे फर्मवेअर) पद्धतीने सुरू होत असेल, तर इनिटआरडीची स्वतंत्र ओळ असली तरी कर्नलच्या कमांड लाइनवरही 'इनिटआरडी=' लिहून त्या फाइलचे नाव द्यावे; काही जुन्या कर्नलना त्यावाचून ती सापडत नाही, आणि नव्यांना त्याचा त्रास होत नाही. याशिवाय टीएफटीपीच्या (बूटच्या फाइली पाठवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलच्या) फोल्डरमधील फाइल वाचण्याची परवानगी सर्वांना आहे ना, हेही पाहा, कारण बूट फोल्डरमधून जशीच्या तशी कॉपी केलेली फाइल कधी कधी केवळ रूट या प्रशासक वापरकर्त्यालाच वाचता येते.

टीएफटीपीची एक जुनी मर्यादाही येथे लागू पडू शकते. १९९२च्या आरएफसी १३५० प्रमाणे हा प्रोटोकॉल ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा पाठवतो; तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने मूळ पद्धतीत सुमारे ३२ एमबीच्या पुढे मोजणीच संपते. मोठे तुकडे मागण्याची सोय १९९५ पासून आहे आणि बहुतेक बूटलोडर ती वापरतात, त्यामुळे आज ही भिंत क्वचितच आडवी येते. परंतु आजची इनिटआरडी ३२ एमबीपेक्षा सहज मोठी असते आणि जुन्या नेटवर्क कार्डांतील रॉमचा भरवसा धरता येत नाही. यासाठी मी टीएफटीपीवरून केवळ आयपीएक्सईची छोटी फाइल पाठवतो आणि कर्नल व इनिटआरडी एचटीटीपीवरून देतो. वेग तर वाढतोच, शिवाय कोणी काय मागितले याची सरळ नोंद वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळते.

इथवरचे झाले तुमच्या संदेशाचे उत्तर. मात्र ते दुरुस्त झाल्यावर तुम्ही पुढच्या पायरीवर अडाल याची मला जवळजवळ खात्री आहे, म्हणून या कामाकडे कसे पाहावे ते सांगतो. नेटवर्कवरून सुरू होणारा संगणक एकाच वेळी एकच काम करतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किमान तीन वेगवेगळे प्रोग्राम एकामागून एक त्याचा ताबा घेतात आणि त्यांतील प्रत्येक जण नेटवर्कचा पत्ता नव्याने मागतो. आधी फर्मवेअरमधील पीएक्सई पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडे पत्ता मागते, मग इनिटरॅमएफएसमधील स्क्रिप्ट मागते आणि शेवटी पूर्ण सिस्टीम उभी राहताना नेटवर्कमॅनेजर किंवा त्याचा भाऊबंद मागतो. पहिल्याला मिळालेला पत्ता दुसऱ्याला आपोआप मिळत नाही. 'पीएक्सई चालले, म्हणजे नेटवर्क ठीक आहे' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा असतो: पीएक्सई कार्डाच्या रॉममधील ड्रायव्हर वापरते, तर इनिटरॅमएफएसला लिनक्सचा ड्रायव्हर लागतो, आणि तो तिच्यात असेलच असे नाही.

दुसरा टप्पा सर्वांत कटकटीचा आहे. इनिटरॅमएफएस ज्या संगणकांसाठी आहे, त्यांच्याच रूटमध्ये क्रूट करून, म्हणजे तेच तात्पुरते मूळ फोल्डर मानून, बांधावी. सर्व्हरच्या स्वतःच्या बूट फोल्डरमधली उचलून आणू नये. 'इनिटरॅमएफएस-टूल्स'च्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'बूट' या नावापुढे 'एनएफएस' लिहावे, आणि 'मॉड्यूल्स' या नावापुढे 'मोस्ट' किंवा 'नेटबूट' असावे; तेथे 'डेप' असेल, तर ज्या यंत्रावर ती बांधली त्याच यंत्राचे ड्रायव्हर आत जातात आणि विद्यार्थ्यांच्या संगणकातले कार्ड अनोळखी राहते. स्वस्त मदरबोर्डांवर रिअलटेकची चिप सर्रास आढळते. तिचा ड्रायव्हर कर्नलसोबत येतो, पण काही चिपना वेगळी फर्मवेअर फाइलही लागते. डेबियन १२ मध्ये अशी फर्मवेअर पॅकेजे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या स्वतंत्र विभागात आहेत. तो विभाग सुरू करून रिअलटेकचे पॅकेज त्या रूटमध्ये बसवावे आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावी. आधी बांधून मग पॅकेज बसवले, तर पॅकेज डिस्कवर दिसते खरे, पण ज्या क्षणी त्याची गरज असते त्या क्षणी ती डिस्क जोडलेलीच नसते.

याच टप्प्यावर एनएफएसच्या आवृत्तीचा प्रश्न येतो. डेबियन १२ च्या इनिटरॅमएफएसमध्ये रूट जोडण्याचे काम क्लिबसी या आटोपशीर संचातला 'एनएफएसमाउंट' करतो आणि त्याला एनएफएसची चौथी आवृत्ती कळत नाही. सर्व्हरवर सुरक्षेच्या विचाराने केवळ चौथी आवृत्ती चालू ठेवली असेल, तर हे जमणार नाही. तिसऱ्या आवृत्तीला २०४९ या पोर्टव्यतिरिक्त १११ वरचा पोर्टमॅपर (कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारा) आणि माउंटडी ही फोल्डर जोडण्याची विनंती घेणारी सेवाही लागते, आणि माउंटडीचा पोर्ट ठरवून दिला नाही तर तो दर वेळी बदलू शकतो. फायरवॉल पुन्हा सुरू करण्यापूर्वी एनएफएसच्या सेटिंगमध्ये माउंटडीला एक पक्का पोर्ट द्या, नाहीतर आज चाललेले सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर बंद पडेल आणि कारण चटकन सापडणार नाही.

एक्सपोर्टच्या ओळीबद्दल. रूट म्हणून वापरायच्या फोल्डरला 'नो_रूट_स्क्वॅश' द्यावे लागते, कारण एरवी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावरच्या रूट वापरकर्त्याला 'नोबडी' समजतो आणि केवळ रूटलाच वाचता येणाऱ्या फाइली नाकारतो. मात्र याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: त्या नेटवर्कवर लॅपटॉप जोडणारा कोणीही तोच फोल्डर जोडून त्यातील शॅडो फाइल, म्हणजे पासवर्डचे हॅश, वाचू शकतो. एनएफएसची ही साधी पद्धत समोरच्या यंत्राने सांगितलेल्या ओळखीवर विश्वास ठेवते. त्यात कूटलेखनही नसते. शाळेत उपाय सोपा आहे: सर्व्हरमध्ये दुसरे नेटवर्क कार्ड बसवा, लॅबचा स्विच फक्त त्यालाच जोडा आणि एक्सपोर्ट तेवढ्याच पत्त्यांच्या पट्ट्यापुरते ठेवा.

दुसरे कार्ड घेण्याचे आणखी एक कारण म्हणजे डीएचसीपी. इंटरनेट कंपनीचा राउटर आधीच पत्ते वाटत असेल, तर डीएनएसमास्कला प्रॉक्सी पद्धतीने चालवता येते. तो पत्ता देत नाही, फक्त बूटची फाइल कोठे आहे तेवढे सांगतो. घरी प्रयोग करायला हे उत्तम आहे. पण इनिटरॅमएफएसने एकदा घेतलेला पत्ता नंतर कोणी नूतनीकरण केला नाही, तर मुदत संपल्यावर राउटर तो दुसऱ्या यंत्राला देऊ शकतो, आणि दोन यंत्रे एकाच पत्त्यावर आली की एकाचे रूट पायाखालून निघून जाते. लॅबमध्ये सर्व्हरनेच पत्ते द्यावेत आणि प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासाठी) ठरलेला आयपी पत्ता राखून ठेवावा. यंत्रे सरमिसळ असतील, काही जुनी बायोसची आणि काही यूईएफआयची, तर डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात प्रत्येक यंत्र आपला प्रकार सांगते. ० म्हणजे जुने बायोस आणि सहसा ७ म्हणजे ६४ बिटांचे यूईएफआय. त्यावरून डीएनएसमास्क योग्य ती बूट फाइल देऊ शकतो. यूईएफआयमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेले आयपीएक्सई चालणार नाही. जुन्या लॅबमध्ये ते बंद करणे व्यवहार्य ठरते. मॅनेज्ड स्विच असल्यास आणि त्यात स्पॅनिंग ट्री (जोडणीत वर्तुळ होऊ नये म्हणून पोर्ट थांबवून पाहणारी सोय) चालू असल्यास यंत्रांच्या पोर्टवर हे थांबणे टाळणारे पोर्टफास्ट लावा, कारण मूळ पद्धतीत पोर्ट खुला व्हायला ३० सेकंद लागतात आणि तोवर पत्ता मागणारा कंटाळून निघून गेलेला असतो.

आता तिसरा टप्पा. रूट जोडले गेले, सिस्टीमडी सुरू झाली, चार-पाच सेवांच्या ओळी आल्या आणि मग 'सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग' असे लिहून यंत्र गोठले, ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे आणि तिचे कारण बहुधा एकच असते: पूर्ण सिस्टीममधल्या नेटवर्कच्या सेवेने कार्ड खाली घेऊन पुन्हा वर आणण्याचा प्रयत्न केला. ज्या वायरीवर रूट उभे आहे तीच तिने सोडली, आणि परत जोडण्यासाठी लागणारा प्रोग्राम त्याच रूटवर पडून आहे. इफअपडाउन असेल तर त्या कार्डापुढे 'डीएचसीपी'ऐवजी 'मॅन्युअल' लिहा. नेटवर्कमॅनेजर असेल तर ते कार्ड 'अनमॅनेज्ड' यादीत टाका. सिस्टीमडी-नेटवर्कडी असेल तर 'कीपकॉन्फिगरेशन' हा पर्याय चालू ठेवा. यंत्र बंद करताना अडकत असेल, तरी मूळ हेच असते. तेथे रूट मोकळे होण्याआधी नेटवर्क बंद केले जाते.

येथवर मी एक गोष्ट गृहीत धरून बोललो, ती आता उघड बोलायला हवी. २४ यंत्रांना लिहिता येईल असे एकच रूट देणे शक्यच नाही. लॉग, लॉक फाइली, यंत्राची ओळख सारे एकमेकांवर आदळेल. प्रत्येकाला वेगळे रूट दिले तर २४ सिस्टीम सांभाळाव्या लागतील, मग डिस्क काय वाईट होत्या? माझ्या मते शाळेच्या लॅबसाठी योग्य रचना एकच आहे: केवळ वाचता येणारे एक सामाईक रूट आणि त्यावर प्रत्येक यंत्राच्या रॅममध्ये ओव्हरलेएफएसचा एक लिहिता येणारा थर. विद्यार्थ्याने काहीही बिघडवले तरी यंत्र पुन्हा सुरू केले की सारे जसेच्या तसे. हा वरचा थर एनएफएसवर ठेवण्याची युक्ती काहींना सुचते. ती चालत नाही, कारण ओव्हरलेएफएसला वरच्या थराकडून ज्या सोयी लागतात त्या एनएफएस देत नाही. विद्यार्थ्यांचे काम जपायचे असेल, तर होम फोल्डर वेगळे जोडा. ते रूट उभे राहिल्यावर जोडले जात असल्याने तेथे एनएफएसची चौथी आवृत्ती निश्चिंतपणे वापरता येते.

सामाईक रूटमधील मशीन-आयडीची, म्हणजे यंत्राच्या ओळखीची, फाइल रिकामी ठेवायला विसरू नका. ती भरलेली राहिली, तर सर्व यंत्रे स्वतःला एकच समजतात, आणि सिस्टीमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला सांगायची ओळख त्यावरूनच बनवत असल्याने एकसारख्या यंत्रांना एकच पत्ता मिळण्याची विचित्र स्थिती ओढवते.

हे सारे हाताने उभारता येते आणि शिकण्यासाठी एकदा उभारावेही. पण सोमवारी सकाळी वर्ग भरायचा असेल, तर एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) वापरा. हा प्रकल्प १९९९ पासून आहे आणि २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. तो सर्व्हरवरील सिस्टीमची स्क्वॉशएफएस प्रतिमा बनवतो, ती एनएफएसवरून देतो, वर रॅममधला थर चढवतो, आणि डीएनएसमास्क व आयपीएक्सईची सेटिंगही लिहून देतो. स्क्वॉशएफएसचा फायदा मला विशेष वाटतो. साधा फोल्डर एनएफएसवरून दिला, तर प्रत्येक छोट्या फाइलसाठी सर्व्हरला विचारणा होते आणि ग्राफिकल डेस्कटॉप सुरू होताना अशा हजारो फाइली उघडतात. प्रतिमा मात्र सर्व्हरच्या दृष्टीने एकच मोठी फाइल असते, ती दाबलेली असते, आणि पहिल्या यंत्राने वाचलेला भाग सर्व्हरच्या रॅममध्ये राहून बाकीच्यांना तेथूनच मिळतो. म्हणून सर्व्हरला महागडी डिस्क घेण्याऐवजी रॅम वाढवा.

वेगाचा हिशेब ढोबळमानाने असा करता येतो. एक यंत्र सुरू होताना ४०० एमबी वाचते असे धरले, तर २४ यंत्रांचे ९.६ जीबी होतात. गिगाबिट जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी मिळतात, म्हणजे सर्व यंत्रे एकदम चालू केली तरी दीड मिनिटात काम होते. सर्व्हर जुन्या १०० मेगाबिटच्या पोर्टला जोडलेला असेल, तर त्याच कामाला चौदा मिनिटे लागतील. पैसे थोडेच असतील तर ते आधी स्विचवर घाला. यंत्रांकडची जोडणी १०० मेगाबिटची राहिली तरी चालेल, सर्व्हरकडची नको. यंत्रांमध्ये रॅम २ जीबीच असेल, तर झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून ठेवणारी सोय) सुरू करा, कारण ब्राउझरची कॅशही आता त्याच रॅममध्ये लिहिली जाणार आहे.

देखभालीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रूटमध्ये कर्नल अद्ययावत झाला की टीएफटीपी किंवा एचटीटीपीच्या फोल्डरमधला कर्नल आणि इनिटआरडीही त्याच वेळी बदलायला हवेत. जुना कर्नल आणि नवी मॉड्यूल्स अशी जोडी जमली, की यंत्र सुरू होते पण आवाज, यूएसबी, कधी पडदा अशा गोष्टी चालेनाशा होतात आणि दोष हार्डवेअरचा वाटतो. दुसरे असे की, यंत्रे चालू असताना प्रतिमेची फाइल जागच्या जागी बदलू नका. सर्व्हरवरची जुनी फाइल नाहीशी झाली की चालू यंत्रांना 'स्टेल फाइल हँडल' हा दोष येतो आणि सारा वर्ग एकदम ठप्प होतो. नवी प्रतिमा नव्या नावाने ठेवा, बूटच्या मेन्यूत ते नाव लिहा आणि जुनी फाइल सर्व यंत्रे बंद झाल्यावर काढा.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी इनिटआरडी पोहोचते याची खात्री करा, मग ती योग्य रूटमधून पुन्हा बांधा, आणि एक यंत्र डेस्कटॉपपर्यंत आल्यावरच बाकी तेवीस यंत्रांकडे वळा. मध्ये अडलात, तर कर्नलच्या कमांड लाइनवर 'ब्रेक=प्रीमाउंट' लिहा; रूट जोडण्याच्या आधी प्रॉम्प्ट मिळेल. तेथे 'प्रॉक' फोल्डरमधील 'सीएमडीलाइन' फाइल वाचून कर्नलला नेमके काय मिळाले ते पाहा, 'सिस' फोल्डरमधील 'क्लास' आणि त्यातील 'नेट' उघडून 'एलओ' या यंत्राच्या आतल्याआतल्या जोडणीव्यतिरिक्त कार्ड दिसते का ते पाहा, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, फर्मवेअर न सापडल्याची ओळ आहे का ते शोधा. मग सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावून प्रॉम्प्टमधून बाहेर पडा आणि त्या यंत्राच्या मॅक पत्त्यावरून कर्नल सुरू झाल्यानंतर पुन्हा डीएचसीपीची मागणी येते की नाही ते बघा. मागणी आलीच नाही तर दोष ड्रायव्हरचा. मागणी आली, पत्ता गेला आणि पुढे १११ वर कोणी आले नाही, तर दोष एनएफएसच्या पत्त्याच्या ओळीत. १११ वर येऊन परत गेले, तर मग खुशाल एक्सपोर्टची फाइल उघडा. यांतील कोणत्या जागी थांबले ते आणि कार्डाच्या चिपचे नाव कळवलेत, तर पुढचे नेमके सांगता येईल.